यानाच्या कापडाचं झबलं

माझ्या बॅगेतून मुलाने सासूबाईंचं जुनं लुगडं काढून ठेवलं, तिथून हे सगळं सुरू झालं. पुण्याहून निघायच्या आदल्या दिवशी त्याने बॅग काट्यावर ठेवली, ती दोन किलो जास्त भरली. "आई, लंडनला कपडे मिळत नाहीत का? चिंध्या कशाला नेतेस?" असं म्हणत त्याने लुगडं बाहेर काढलं आणि त्या जागी बहिणीसाठी डिंकाचे लाडू बसवले. मी काही बोलले नाही. मला वेळेवर बोलता येत नाही. चौथी झाल्यावर शाळेतून काढलं तेव्हाही बोलता आलं नव्हतं.

ते लुगडं मी बाळासाठी घेतलं होतं. आमच्याकडे बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. जुनं, शंभरदा धुऊन मऊ झालेलं लागतं, आणि शक्यतो दीर्घायुषी माणसाच्या घरचं. त्या माणसाचं आयुष्य बाळाला लाभतं म्हणतात. सासूबाई एक्याण्णव वर्षं जगल्या. माझ्या दोन्ही मुलांची दुपटी त्यांच्याच लुगड्यांची होती.

लंडनमध्ये स्टॅनमोरला मुलीच्या घरी पोचल्यावर मी कपाटं उघडून पाहिली. जुनं असं काहीच नव्हतं. चादरी नव्या, टॉवेल नवे, तिचे कपडे ताणले की लांब होणारे. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, बाळाला घालायला सहा बेबीग्रो आणलेत, ऑरगॅनिक कॉटन. प्री-वॉश्ड आहेत."

"म्हणजे कुणी वापरलेले?"

"नाही गं. मशीनने धुतलेले."

"मशीन किती वर्षं जगलं?"

ती पोट धरून हसली. आठवा महिना संपत आलेला, हसताना तिला खुर्ची धरावी लागली. मग म्हणाली, चॅरिटी शॉपमधून एखादी जुनी चादर आणू. पण ती कुणाची, तो माणूस किती जगला, कसा गेला, काय ठाऊक? मी नको म्हणाले.

मुलीच्या घराला एक घर जोडून आहे, मधली भिंत एकच. तिथे एक इंग्रज गृहस्थ एकटे राहत. वय अठ्ठ्याऐंशी, उंच, पाठीत थोडे वाकलेले, घरातही टाय लावणारे. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगी आणि जावई त्यांना सरळ नावाने हाक मारत. मला ऐकवेना, मी आजोबा म्हणू लागले. त्यांनी मुलीच्या तोंडून 'आई' ऐकलं होतं आणि ते माझं नाव असावं असं त्यांना वाटलं. त्यामुळे माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठा माणूस कुंपणापलीकडून "गुड मॉर्निंग, आई" म्हणायचा. मुलीने त्यांना खरं कळू दिलं नाही. म्हणाली, राहू दे, गोड वाटतं.

त्यांच्या झाडाची आंबट सफरचंदं ते पिशवी भरून आणून देत. मी त्यांचं लोणचं घातलं. ते त्यांना इतकं आवडलं की दर दोन दिवसांनी रिकामी बरणी घेऊन येत आणि काहीच न मागता उभे राहत. मलाही न मागता उभं राहायची सवय आहे, त्यामुळे आमचं जमलं.

दिवाळीच्या आधी त्यांनी जावयाला त्यांच्या घराच्या लॉफ्टमधून एक पत्र्याची ट्रंक उतरवून द्यायला बोलावलं. ती त्यांनी खाली पॅसेजमध्ये ठेवून घेतली. त्यातली दोन-तीन भेंडोळी घेऊन ते संध्याकाळी आमच्याकडे चहाला आले. मी नुकत्याच करंज्या तळल्या होत्या. टेबलावर नकाशे पसरले. मला वाटलं घरांचे असतील. जावई म्हणाला, "आई, हे अंतराळयान आहे. आजोबा यानं काढायचे."

मला त्यातलं काय कळणार? पण ते फार सोपं करून सांगत होते आणि जावई मराठीत सांगत होता. त्यांच्या तरुणपणी रॉकेट एकदा वर गेलं की संपायचं, समुद्रात पडायचं. तेव्हा हे लोक उत्तरेकडच्या एका विमानाच्या कारखान्यात बसून परत येणारं यान काढत होते. मी म्हणाले, "म्हणजे पत्रावळीवर जेवायचं की ताटात, असं." जावयाने ते इंग्रजीत कसं सांगितलं देव जाणे, पण आजोबांनी टेबलावर हात आपटला. म्हणाले, वरच्या साहेबांना हे एका वाक्यात सांगायला आम्हाला तीन वर्षं लागली असती.

मग त्यांनी ताटलीतल्या तीन करंज्या घेतल्या आणि एकीवर एक रचल्या. तीन सारखी यानं, पोटाला पोट लावून उभी. निघताना तिघंही एकत्र. वाटेत दोघं आपलं इंधन तिसऱ्याला देतात आणि मागे फिरतात, विमानासारखी धावपट्टीवर उतरतात. तिसरं वर जातं, काम करतं, तेही तसंच परत येतं. पुसायचं, भरायचं, पुन्हा पाठवायचं. यानाचं नाव मस्टर्ड. मी बाटलीतली मोहरी दाखवली, ते "येस, येस" म्हणाले.

"मग झालं का ते?" मी विचारलं.

जावयाने वरची करंजी उचलली आणि खाल्ली.

आजोबा त्याच्याकडे पाहून म्हणाले, "बरोब्बर. असंच झालं."

पुढे वीसेक वर्षांनी दुसरं काढलं, हॉटॉल. मी हॉटेल म्हणाले, जावयाने सुधारलं. ते एकटंच धावपट्टीवरून उडायचं आणि वर जाताना वाटेतली हवा ओढून घ्यायचं, म्हणजे सगळं ओझं घरून न्यायला नको. त्याचं इंजिन इतकं गुपित होतं की आजोबांना घरी बायकोलाही सांगता येत नव्हतं. सरकारने हात काढून घेतला आणि तेही मिटलं. इंजिनवाले हट्टी निघाले, त्यांनी आपलं आपण तिसरं सुरू केलं, स्कायलॉन. ते कित्येक वर्षं चाललं. अलीकडे तेही बंद झालं. आजोबा तेव्हा केव्हाच घरी बसलेले होते, पण ती बातमी वाचली त्या दिवशी जेवले नाहीत, असं त्यांनी सांगितलं. सांगून त्यांनी दुसरी करंजी खाल्ली.

मी नकाशे पाहत होते. बहुतेक कागद होते, पण एक भेंडोळं वेगळं वाटलं. हात लावून पाहिला. कागदासारखं ताठ, चकचकीत, जरा निळसर, पण कड उसवलेली होती आणि तिथे सूत दिसत होतं. मी जावयाला म्हणाले, "हे कापड आहे."

आजोबा खूश झाले. म्हणाले, शंभरांत एकाला कळत नाही. उत्तम बारीक सूत, त्याला दाट खळ लावून घोटलेलं. त्यावर शाईने पक्का नकाशा काढायचे. ऑफिसातल्या मुली उरलेले तुकडे घरी नेऊन गरम पाण्यात धुवायच्या आणि त्याचे रुमाल करायच्या. त्यांच्या बायकोनेही केले होते. त्यांनी खिशातून रुमाल काढून दाखवला. साठ वर्षांचा रुमाल! मी तो गालाला लावून पाहिला. सासूबाईंचं लुगडं आठवलं.

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ते एक कोरा तुकडा घेऊन आले, हातभर लांब. मुलीने त्यांना बाळाच्या जुन्या कपड्याचं सांगितलं होतं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या घरचं, त्यांनी स्वतःच्या हाताने दिलेलं कापड. मी ते कोमट पाण्यात भिजवलं, साबण लावला, खळ दुधासारखी निघून गेली आणि हातात मलमल उरली. त्याचं मी झबलं शिवलं. लुगड्याची रुखरुख गेली.

इथवर सगळं चांगलं होतं.

दिवाळीनंतर चार दिवसांनी नातू झाला. त्याच आठवड्यात आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. जाताना त्यांनी घराची किल्ली माझ्याकडे दिली, मांजराला खायला घालायला. त्यांच्या स्वतःच्या मुलीकडेही किल्ली होती, पण ती दोन तासांवर राहते.

बाळाला एक झबलं कसं पुरेल? सकाळी घातलं की दहा वाजता ओलं. बेबीग्रो घालावे लागत होते आणि माझं मन खात होतं. बारसं आठ दिवसांवर होतं. दुपटं हवं होतं, कुंची हवी होती. मांजराला खायला घालून परत येताना रोज पॅसेजमधली ती ट्रंक दिसायची. तिसऱ्या दिवशी मी ती उघडली.

वर कोरं कापड दिसलं नाही. कापडाचं ते एकच भेंडोळं होतं, नकाशावालं. मी ते उलगडलं. तीच तीन पोटाशी पोट लावलेली यानं. शेजारी कागदावरही तीच यानं होती, दोन-तीनदा काढलेली. मी मनाशी म्हटलं, एकच चित्र इतक्या वेळा आहे. जे झालंच नाही त्याचं आहे. यांनीच सांगितलं तसं, आता ते कुणाला नको आहे. विचारलं तर ते हो म्हणतीलच, मग दवाखान्यात पडलेल्या माणसाला कशाला विचारायचं?

असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं हे की मला मागायला लाज वाटली, आणि न विचारता घ्यायला वाटली नाही. मी ते पदराखाली धरून आणलं. विचारलेलं असतं तर पदराखाली कशाला धरलं असतं?

धुण्याआधी एक केलं. खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकट होती आणि त्यात अक्षरं लिहिलेली होती, सुबक, एकसारखी, जशी आमच्या मास्तरांनी पाटीवर घालून दिलेली असायची. चित्र धुवायला माझं मन तयार झालं होतं, अक्षरं धुवायला होईना. अक्षराला पाय लागला तर नमस्कार करावा हे मी चार वर्षांच्या शाळेत शिकले. त्यातलं तेवढंच पुरतं उरलं आहे. मी तो तळहाताएवढा कोपरा कात्रीने कापला आणि देवापुढच्या कुंकवाच्या डब्यात घडी न घालता ठेवला. मुलीचे देव मायक्रोवेव्हच्या वरच्या फळीवर आहेत. बाकीचं कापड पाण्यात घातलं. पाणी काळं झालं. तीन वेळा बदललं.

दुपटं सुंदर झालं. कुंचीही झाली. बारशाला इथल्या पाच-सहा बायका आल्या, सगळ्यांनी दुपट्याला हात लावून पाहिला, कुठून आणलं विचारलं. मुलगी म्हणाली, "शेजारच्या आजोबांनी कापड दिलंय." तिला वाटलं तो एकच तुकडा पुरून उरला. घरी आलेले आजोबाही खुर्चीवर बसून होते. त्यांनी बाळाच्या दुपट्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहून हसले. त्यांनाही तसंच वाटलं असेल.

मग एका संग्रहालयातून त्यांना पत्र आलं. जुने नकाशे पाहायला कुणी बाई येणार होत्या. आजोबांनी ट्रंक उघडली.

ते आधी आमच्याकडे आले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या दिवशी चहाला आणलेलं कापडाचं भेंडोळं इथे राहिलं का? मुलीने सोफ्यामागे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. मग माझ्याकडे वळली, "आई, तू पाहिलंस का गं?"

"नाही," मी म्हणाले.

बोलता येत नाही म्हणते मी, पण तो शब्द कसा पटकन आला.

आजोबांनी घर पालथं घातलं. भिंत एकच, त्यामुळे मला ऐकू यायचं. कपाटं सरकायची, शिडी लागायची. ऑपरेशन झालेलं पोट घेऊन ते लॉफ्टमध्ये चढत होते. त्यांची मुलगी आली, तिनेही शोधलं. कुंपणापाशी उभी राहून ती माझ्या मुलीशी बोलली, ते मुलीने मला जेवताना सांगितलं. "आई, बिचाऱ्यांचं विसरणं वाढलंय बहुतेक. भूल दिल्यावर म्हाताऱ्या माणसांना होतं म्हणे तसं. ती म्हणाली, डॅड शपथेवर सांगतात ट्रंकेतच ठेवलं होतं. मेमरी क्लिनिकला नेणार आहे ती."

"पण नकाशे तर बाकीचे आहेत ना?" मी विचारलं.

जावई म्हणाला, "संग्रहालयाला कागदवाले चालतील. आजोबांना यानाचं काही वाटत नाहीये. कापडावरचं शाईचं काम त्यांच्या बायकोच्या हातचं होतं. पुरुष पेन्सिलीने काढायचे आणि मुली ते कापडावर शाईने उतरवायच्या, ट्रेसर म्हणायचे त्यांना. आजोबा पेन्सिलीत मुद्दाम एखादी चूक ठेवायचे. म्हणजे ती विचारायला टेबलापाशी येईल."

"हाऊ स्वीट," मुलगी म्हणाली.

"कोपऱ्यात तिची अक्षरं होती. बाकी तिच्या हातचं काही लिहिलेलं राहिलं नाही म्हणाले. पत्र लिहायचीच वेळ आली नाही, कायम एकत्र होते."

अक्षरं चार पावलांवर फळीवर होती. उठले असते, डबा उघडला असता, तर झालं असतं. मी उठले आणि वरण गरम केलं.

त्यानंतरचे वीस दिवस मला नीट लिहायचे आहेत, कारण चोरीपेक्षा ते वाईट होते.

आजोबांच्या घरात पिवळ्या चिठ्ठ्या दिसू लागल्या. मांजराच्या खाण्याचा उरलेला डबा द्यायला गेले तर चहाच्या डब्यावर चिठ्ठी, किल्लीच्या खुंटीवर चिठ्ठी, गॅसच्या बटणांवर चिठ्ठी. लोणच्याच्या बरणीवर 'आई' लिहिलेली चिठ्ठी. मला इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचता येतात. आधी ते माझ्याशी मांजराबद्दल नाहीतर पावसाबद्दल बोलायचे. आता वाक्य अर्ध्यावर सोडून विचारायचे, हे मी काल सांगितलं का? सांगितलेलं नसायचं. मी मान हलवून सांगायचे, नाही. ते विश्वास ठेवत नसत.

गाडी त्यांनी आपल्या मुलीच्या स्वाधीन केली. ज्यांना दवाखान्यात जाताना मांजराच्या औषधाचे थेंब तोंडपाठ होते त्यांनी.

एके दुपारी ते एकटेच आले. माझी मुलगी बाळाला लस टोचून आणायला गेली होती. त्यांनी हातवारे करून, सोपे सोपे शब्द घेऊन मला विचारलं. तुम्ही ते पाहिलं होतं ना, आई? कापडाचं? होतं ना ते? की मी उगाचच म्हणतो? मी मान हलवली, होतं. त्यांना जरा धीर आला. मग म्हणाले, तुम्हाला तुकडा दिला ना, तेव्हा चुकून ते दिलं का मी? माझ्या हातून झालं का?

मी हो म्हटलं असतं तर मी सुटले असते. दोष त्यांचा, विसरणं त्यांचं, आणि माझ्या हातून घडलेलं सगळं सरळ झालं असतं. मी जोरात मान हलवली, नाही. पण त्याच्यापुढे एक वाक्य होतं, ते नाही सांगितलं. ते म्हणाले, थँक यू, आई, आणि गेले. थँक यू कशाबद्दल?

ते गेल्यावर मी डबा उघडून कोपरा बाहेर काढला. अक्षरांवरून बोट फिरवलं. एकसारखी, ना कमी ना जास्त. ती बाई मला दिसायला लागली. तीही फार शिकलेली नव्हती, जावई म्हणाला होता, पंधराव्या वर्षी कामाला लागली. खाली मान घालून ती दुसऱ्याच्या रेघा गिरवत बसलेली असणार. आपल्या हाताने काढलेलं काय आहे, कुठे जाणार आहे, तिला कुणी सांगितलं असेल का? मी तिचं काम पाण्यात घातलं होतं, आणि आता तिच्या नवऱ्याचं डोकंही तसंच धुऊन काढत होते. कोपऱ्यावर कुंकवाचा एक ठिपका पडला होता. तो पुसायला गेले तर पसरला.

दोन दिवसांनी त्यांची मुलगी पुन्हा आली. तिला गाडीतून फाइल काढताना मी खिडकीतून पाहिलं. माझी मुलगी म्हणाली, "केअर होमचे फॉर्म आहेत. तिच्या गावाजवळचं. ते स्वतःच हो म्हणालेत."

"स्वतः?"

"हो. म्हणाले, माझ्यावर भरवसा राहिला नाही."

मी हात धुतले. बाळाच्या अंगावरचं दुपटं काढून त्याला शालीत गुंडाळलं. दुपटं, कुंची आणि कुंकवाचा डबा घेऊन चपला घातल्या.

"आई, कुठे चाललीस? थंडी आहे बाहेर!"

"शेजारी."

"थांब, मी येते, तुला बोलायला..."

"नको," मी म्हणाले.

दार त्यांच्या मुलीने उघडलं. आजोबा जेवणाच्या टेबलापाशी चष्मा लावून बसले होते, पुढ्यात कागद, हातात पेन. मी टेबलावर दुपटं ठेवलं. त्याच्यावर कुंची. त्याच्यावर तो कोपरा. मग मला येतं तेवढ्या इंग्रजीत म्हणाले, "मी घेतलं. तुम्ही नाही विसरला. मी घेतलं, मी धुतलं."

बाकीचं मराठीत बोलले. न विचारता ट्रंक उघडली, विचारल्यावर नाही म्हणाले, सगळं. त्यांना कळत नव्हतं, पण मला ते मोठ्याने बोलायचं होतं. खुर्चीला धरून उभी होते.

त्यांच्या मुलीच्या तोंडावर आधी राग आला, मग ती वडिलांकडे पाहून खाली बसली. म्हणाली, "ओह, डॅड." तिने फॉर्मवर हात ठेवला. झाकल्यासारखा.

आजोबांनी कोपरा उचलला. खणातून भिंग काढलं. किती वेळ पाहत होते. मग दुपट्याची घडी उलगडून त्यांनी तो कोपरा दुपट्याच्या खालच्या उजव्या टोकाला लावून पाहिला, जिथे तो असायला हवा होता. जुळला नाही, कारण मी कड दुमडून शिवली होती.

त्यांनी मला एकच विचारलं, "आधी का नाही सांगितलं, आई?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग ते उठले आणि भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले. तिथून चरचर असा आवाज आला. ते चिठ्ठ्या काढत होते. चहाच्या डब्यावरची, गॅसवरची. परत आले तेव्हा हातात पिवळ्या कागदांचा गोळा होता, तो त्यांनी मुलीपुढे ठेवला आणि जरा ताठ उभे राहिले.

मला वाटलं, वाचले आजोबा. फॉर्म फाटेल आता.

तो फाटला नाही. त्यांची मुलगी पुढचे दोन आठवडे येत राहिली, दोघं बोलत राहिले. जिने आहेत, थंडी आहे, एकटेपण आहे, पोटाचे टाके आहेत. आजोबाही शेवटी म्हणाले, चला, जाऊन पाहू. माझी मुलगी मला समजावते, "आई, ते कधी ना कधी जाणारच होते. तुझ्यामुळे नाही." जावईही तेच म्हणतो. मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. पण चिठ्ठ्या काढल्यावरही मी पाहिलं आहे, ते किल्ली खुंटीला लावत, दोन पावलं जात आणि वळून ती तिथे आहे का बघत. हे आधी नव्हतं. हे मी दिलेलं आहे.

कागदी नकाशे संग्रहालयाच्या बाई घेऊन गेल्या. कोपरा आजोबांनी त्यांना दाखवलासुद्धा नाही, पाकिटात घालून खिशात ठेवला, कुंकवाच्या डागासकट. दुपटं मी परत घ्या म्हणाले, त्यांनी घेतलं नाही. जावयाकडून मला सांगितलं, ते परत परत वापरायचं असतं, तेवढ्यासाठीच तर काढलं होतं. जावयाला हे बोलणं फार आवडलं, तो सगळ्यांना सांगत असतो. मला ते ऐकवत नाही. ते चांगले आहेत म्हणून तसं म्हणाले, आणि चांगल्या माणसाने तसं म्हणावं लागावं अशी वेळ मी आणली.

जायच्या दिवशी सकाळी ते कुंपणापाशी आले. मांजर पिंजऱ्यात गाडीत बसलं होतं. बाळ मी छातीशी धरलं होतं, त्याने त्यांचा टाय धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, वाकून उभे राहिले. मग माझ्या हातात एक गुंडाळी दिली. ट्रंकेच्या तळाशी सापडलेला आणखी एक कोरा तुकडा, वीतभर रुंद.

"पुढच्या नातवाला," ते म्हणाले, आणि हसून बोट उगारलं. "या वेळी मी दिलंय. लक्षात ठेवा."

मार्चमध्ये माझा व्हिसा संपतो. बॅग भरायला घेतली आहे. लेकीने दुपटं माझ्याकडे दिलं, म्हणाली पुण्याला जपून ठेव, इथे हरवेल. ते मी तळाशी ठेवलं आहे. त्या तुकड्याचं मुलगी दोनदा म्हणाली, आई, धुऊन ठेवू का, मऊ होईल. मी नको म्हणाले. तो तसाच आहे, ताठ आणि निळसर, आणि त्याच्यावर काही नाही.